जावई दुसऱ्या डोळ्यात

आमच्या कॉलेजात इंटरनेट आहे, हे आम्हाला माहितीपत्रकातून कळलं होतं. त्यात एक मुलगी संगणकासमोर बसून दिलखुलास हसताना दाखवली होती. प्रत्यक्षात त्या लॅबमध्ये मी कुणाला हसताना पाहिलं नाही. दाराबाहेर चपला काढायच्या, आत थंडगार फरशीवर पाय आखडून बसायचं आणि एखादं पान उघडण्याची वाट पाहायची. खिडकीतून कपाशीचं शेत दिसायचं. पान उघडेपर्यंत बोंडं फुटतील असं वाटायचं, आणि शेत खरोखरच आमच्या पुढे निघून जायचं.

अशा या कॉलेजात, शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, आमचे प्रोजेक्टचे सर पुण्याच्या एका परिषदेहून परत आले. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात, सरांनी आमच्यासाठी विषय आणला: त्रिमितीय व्हिडिओचं कार्यक्षम कॉम्प्रेशन, विविध उपकरणांसाठी आणि विविध नेटवर्कसाठी. मोबाइलचे पडदे नुकतेच रंगीत झाले होते तेव्हाची ही गोष्ट. विविध उपकरणं म्हणजे लॅबमधले चालू संगणक आणि बंद संगणक. विविध नेटवर्क म्हणजेही तेच.

"भविष्य आहे हे," सर म्हणाले. "उद्या प्रत्येकाच्या घरी थ्री-डी असेल."

"सर, उद्या पेपर आहे," माझी जोडीदारीण म्हणाली.

ही जोडीदारीण आंजी मोठी या गावची. रोज एसटीनं यायची, कमी बोलायची, आणि बोलली की समोरचा गप्प व्हायचा. मी सिंदी रेल्वेची, पॅसेंजरनं यायची. आमचं गावात कापडाचं दुकान होतं. बाबा आणि मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मिळून चालवायचे. म्हणजे बाबा चालवायचे आणि मोठेबाबा गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी राजकारण बोलायचे.

विषय मात्र खरं सांगायचं तर सुंदर होता. माणसाला खोली कळते ती दोन डोळ्यांमुळे. डाव्या डोळ्याला दिसतं ते उजव्याला जरा बाजूनं दिसतं, आणि त्या जराशा फरकातून जवळ काय, लांब काय हे डोक्याला उमगतं. म्हणून थ्री-डी व्हिडिओ काढायचा तर शेजारी-शेजारी दोन कॅमेरे हवेत. पण दोन कॅमेरे म्हणजे दुप्पट माल, आणि आपलं नेट एक मालही धड ओढत नाही. त्यावरची युक्ती अशी: डाव्या डोळ्याचं चित्र पूर्ण पाठवायचं. उजव्याचं पाठवायचंच नाही. फक्त निरोप पाठवायचा, की डाव्यातला हा तुकडा थोडा सरकव, तो जरा जास्त सरकव, झालं तुझं उजवं चित्र. ज्याचं नेट गरीब किंवा पडदा लहान, त्याला नुसतं डावं चित्र. ज्याची ऐपत आहे, त्याला वरून उजव्याचा निरोप. दोन थर. भाकरी सगळ्यांना, तूप ज्याला पचेल त्याला.

आता व्हिडिओ हवा होता आणि कॅमेरे हवे होते. कॉलेजकडे एक कॅमेरा होता; तो संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसासाठी राखीव होता.

त्याच हिवाळ्यात मोठेबाबांच्या मुलीचं, माझ्या ताईचं, लग्न ठरलं. ताईचा सख्खा भाऊ, आमचा दादा, अमेरिकेत होता. व्हिसाचं काहीतरी अडलेलं होतं. आला तर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती. बहिणीच्या लग्नाला भाऊ नाही हे मोठेबाबांना सहन होत नव्हतं. गल्ल्यावरचं राजकारणही बंद पडलं होतं. मी चुकून घरी प्रोजेक्टबद्दल बोलले आणि ते ताठ बसले.

"म्हणजे त्याले तिथं बसून मांडव असा पुढे आल्यासारखा दिसन?"

"दिसेल. प्रोजेक्ट झालं तर."

"मंग कर ना बापा! वाट कोणाची पाहून राह्यली?"

मोठेबाबांना उजवा डोळा नव्हता. तरुणपणी जिनिंगमध्ये असताना कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी तुटून डोळ्यावर उसळली होती. थ्री-डीवर घरात सगळ्यात जास्त विश्वास त्यांनीच ठेवला. सरांना मी सांगितलं तेव्हा तेही खूश झाले. "व्वा, रिअल लाइफ ॲप्लिकेशन!" म्हणाले आणि लग्नाची पत्रिका मागून घेतली. जेवायला आले, चित्रीकरणाच्या वेळी कुठे दिसले नाहीत.

कॅमेऱ्यांची सोय नाचणगावच्या व्हिडिओवाल्यानं केली. त्याच्याकडे एकाच कंपनीचे दोन कॅमेरे होते, कारण एका मुहूर्तावर त्याला दोन लग्नं धरायची असत. आमच्या लग्नात दोन्ही कॅमेरे एकाच मुलीवर लागणार हे ऐकून तो आधी हसला आणि मग काळजीत पडला. सुतारानं एका पाटाला भोकं पाडून दिली, त्यावर कॅमेरे शेजारी-शेजारी आवळले. मध्ये अंतर माणसाच्या डोळ्यांइतकं हवं होतं. कॅमेरे जाड असल्यामुळे ते बैलाच्या डोळ्यांइतकं झालं.

आणखी एक अडचण अशी की दोन्ही कॅमेरे एकाच क्षणी सुरू होत नसत. म्हणून प्रत्येक वेळी मी समोर उभं राहून एक टाळी वाजवायची, आणि मग दोन्ही चित्रं त्या टाळीवर जुळवायची. लग्नात कुणी टाळी वाजवली की बाकीचे का वाजवताहेत हे विचारत नाहीत, आपणही वाजवतात. ताईला हळद लागली, टाळ्या. आत्याबाई पाटावरून उठल्या, टाळ्या. जनरेटर बंद पडला तेव्हाही एक फेरी झाली. आत्याबाई पुढे कित्येक वर्षं मला विचारायच्या, "मी उठली त टाया कायले वाजवल्या वं?"

हळदीचा भाग फार छान आला. मांडवाचे खांब, त्यामागे बायका, त्यामागे आचाऱ्यांचा धूर. सगळं जागच्या जागी, एकामागे एक. जोडीदारणीनं छोट्या पडद्यात पाहून मान हलवली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

लग्नाच्या वेळी आम्ही पाट स्टेजच्या आमच्या बाजूला मांडला. वऱ्हाडी बसले. अंतरपाट धरला गेला. भटजींनी घसा खाकरला. मी टाळी वाजवली, मांडवानंही वाजवली. आणि नवरदेवाचे मामा उठून आमच्याकडे आले. धिप्पाड माणूस, गुलाबी फेटा.

"हे दोन-दोन कॅमेरे तुमच्याच पोरीवर काऊन हायेत? आमचा पोरगा का चोरून आणला हाय?"

मी शास्त्रीय उत्तर दिलं, ही माझी शहाणपणाची कमाल. "मामाजी, हे दोन नाहीत. एकच आहे. हा डावा डोळा, हा उजवा डोळा."

मामांनी दोन्ही कॅमेऱ्यांकडे पाहिलं. बोटानं मोजल्यासारखं केलं.

"मंग एक डोळा आमच्याकडे फिरवा."

"तसं होत नाही. दोन्हींनी एकाच ठिकाणी पाहायला हवं."

"काऊन? तुमचा डोळा तुमच्याकडे, आमचा आमच्याकडे. बरोबरीचं लगन हाय नाई?"

वरपक्षाच्या दोन रांगा माना वळवून बघू लागल्या. भटजी थांबले. अंतरपाटामागून ताईनं माझ्याकडे जी नजर टाकली ती मला थ्री-डीशिवायही खोलवर पोचली. तेवढ्यात मोठेबाबा धावत आले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, मला म्हणाले, "फिरव."

"मोठेबाबा, एक डोळा इकडे आणि एक तिकडे केला तर काहीच दिसणार नाही."

"मले इतके सालं एकाच डोळ्यानं दिसून राह्यलं. फिरव म्हणतो ना!"

व्हिडिओवाल्यानं तत्परतेनं स्क्रू ढिला केला आणि उजवा कॅमेरा वरपक्षाकडे वळवला. एकाच गोष्टीकडे दोन कॅमेरे लावणं हा वेडेपणा आहे असं त्याचं पहिल्यापासून मत होतं. मामा समाधानानं नवरदेवाच्या पाठीशी जाऊन उभे राहिले आणि उजव्या डोळ्यात पहिल्या रांगेत आले. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. सगळं लग्न डाव्या डोळ्यात वधूचं आणि उजव्या डोळ्यात वराचं असं लागलं.

जोडीदारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जेवून घेऊ. आता पाह्यण्यासारखं काई नाई."

लॅबमध्ये आम्ही तो भाग प्रोग्रामला दिला. बिचाऱ्याला एवढंच शिकवलेलं होतं, की उजव्या चित्रातला प्रत्येक तुकडा डाव्यात कुठेतरी सापडतो, तो शोध. तो शोधू लागला. मामांचा गुलाबी फेटा ताईच्या शालूत शोधला. नवरदेवाचं नाक भटजींच्या कोपरात शोधलं. आणि मिळालं नाही तर हार मानायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसल्यामुळे, जे मिळालं ते जुळवून त्यानं वर दुरुस्तीचे निरोप लिहिले, लिहीतच गेला. कॉम्प्रेशन झालेली फाईल मूळ व्हिडिओपेक्षा मोठी निघाली. सरांनी आकडा पाहिला आणि चष्मा पुसला.

"हे तर एक्सपान्शन झालं."

घरी मात्र कुणी ऐकायला तयार नव्हतं. लग्न थ्री-डीत बघायचं म्हणजे बघायचं. मी डावं चित्र लाल आणि उजवं निळं करून दोन्ही एकावर एक चढवली, सीडी केली आणि चष्मे बनवले: डाव्या डोळ्याला लाल जिलेटिन कागद, उजव्याला निळा. पुठ्ठा म्हणून उरलेल्या लग्नपत्रिका वापरल्या. त्यामुळे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर गणपती आला. एका रविवारी दुपारी अख्खं घर, शेजारी आणि आत्याबाई कपाळावर गणपती घेऊन टीव्हीसमोर बसले.

हळदीला वाहवा झाली. आत्याबाईंनी तर ताटातल्या हळदीला हात लावायला बोट पुढे केलं. मग लग्न सुरू झालं. ताईच्या चेहऱ्यावर नवरदेवाच्या मामांचा चेहरा आला. भटजींना चार हात फुटले. आईनं चष्मा काढून डोळे चोळले. आत्याबाई "मायबाई, मले गरगरून राह्यलं" म्हणत ओसरीवर जाऊन आडव्या झाल्या. एकेक करत लोक उठले, कुणी चहाचं निमित्त केलं, कुणी म्हशीचं. शेजारच्या काकू जाताना मला म्हणाल्या, "शिकून राह्यली ना अजून, होईन, होईन."

मोठेबाबा तेवढे बसून होते. हात गुडघ्यांवर, हालत नव्हते. मला वाटलं झोप लागली. मी टीव्ही बंद करायला उठले तर त्यांनी हात वर केला.

"राहू दे."

"डोकं दुखेल, मोठेबाबा. चित्रं एकमेकांत गेली आहेत."

"कुठं गेली? मस्त दिसून राह्यलं. लाल हाय जरासं."

मग माझ्या ध्यानात आलं. त्यांचा चालणारा डोळा डावा. त्याच्यापुढे लाल कागद. लाल कागदातून फक्त डावं चित्र दिसतं. निळ्यातले मामा, निळे वऱ्हाडी, निळा गोंधळ पाहायला त्यांच्याकडे डोळाच नव्हता. सगळ्या घरात एकट्या त्यांना आपली मुलगी स्वच्छ दिसत होती. डोकं खाली घालून उभी, ओठ आवळून. लग्नाच्या दिवशी ते मांडवभर धावत होते, जेवणाच्या पंगती, मामांची समजूत, जनरेटर. तिला उभं राहून बघायला त्यांना फुरसत मिळाली नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढला, कपाळावरच्या गणपतीला नमस्कार केल्यासारखं केलं आणि नाक शिंकरायला मोरीकडे गेले. परत येऊन म्हणाले, "पाठव त्याले. असंच्या असं पाठव."

असंच्या असं पाठवणं म्हणजे वर्ध्याच्या सायबर कॅफेत पडद्याआडच्या खुराड्यात बसून फाईल अमेरिकेकडे ढकलणं. मालक दर थोड्या वेळानं येऊन "लाइन गेली का?" विचारायचा, ती त्याच्या विचारण्यानंच जायची. शेवटी पहिला थर तेवढा गेला. फक्त डावं चित्र, लहान करून, पोस्टाच्या तिकिटाएवढं. आम्ही त्यातही खूश होतो, कारण आमच्या सिद्धांताप्रमाणे गरीब नेटवर पहिला थर पोचला की गोष्ट कळते.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, मीही तिथेच होते. मोठेबाबा फोनवर असे बोलत की अमेरिकेला फोनची गरज पडली नसती.

"दिसलं का? ... दिसली ना ताई? ... रडून नको राहू बावा, हापिसात हाय ना तू? ... काय म्हणतो? ... जावई?"

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तो म्हणते, लगन कोणासंगं लावलं? जावई दिसूनच नाई राह्यला."

साडी पाहणाऱ्या दोन बाया थांबल्या. मी काही बोलायच्या आत मोठेबाबांनी हात काढला आणि मोठ्या ठामपणे सांगितलं, "जावई दुसऱ्या डोळ्यात हाय! तो डोळा मागून येऊन राह्यला!"

त्या बायांनी साडी घेतली नाही. पुढे गावात काय बोललं गेलं ते कळलं, पण इथं लिहिण्यासारखं नाही.

हे मी जोडीदारणीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. विचार करत राहिली. म्हणाली, "आपला प्रोग्राम हट्टी हाय वं. सारखं नाई त नाई. त्याले सोडता आलं पाहिजे." मग ती बसली आणि तिनं प्रोग्रामला सोडायला शिकवलं. आधी प्रत्येक तुकड्याची दोन्ही चित्रांत ओळख पटते का ते थोडक्यात बघायचं. पटली तर निरोप पाठव. नाही पटली तर शोधाशोध बंद, तो तुकडा जसा आहे तसा स्वतंत्रपणे आटवून पाठव. ऐकायला एवढंसं, पण तिला ते बसवायला बरेच दिवस लागले. हळदीच्या भागात दुसरा थर बारीकसा राहिला, लग्नाच्या भागात जाड झाला, पण मूळ व्हिडिओच्या वर कधी गेला नाही. तुकडे करून आम्ही तो पाठवला. दादाचा फोन आला, जावई पोचले होते. "मामा लय मोठे दिसून राह्यले" अशी तक्रार होती. ती कॉम्प्रेशनची चूक नव्हती.

तोंडी परीक्षेला नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले. सरांनी बजावून ठेवलं होतं, की फक्त हळद दाखवायची, लग्नाचं नाव काढायचं नाही. परीक्षकांनी कपाळावर गणपती बांधला, हळद पाहिली, मान डोलवली आणि विचारलं, "पण दोन्ही कॅमेऱ्यांत सारखं काही नसेलच तर?"

सर म्हणाले, "तशी परिस्थिती व्यवहारात उद्भवत नाही."

जोडीदारणीनं पुढे होऊन लग्न लावलं.

परीक्षकांनी पाहिलं, चष्मा काढला, परत घातला. "हे काय आहे?"

"उद्भवलेली परिस्थिती, सर," ती म्हणाली आणि फाईलचे आकडे दाखवले.

परीक्षक खुर्ची ओढून जवळ आले, खरोखर प्रश्न विचारू लागले, ती उत्तरं देऊ लागली. आमच्या कॉलेजात अशी गोष्ट पहिल्यांदाच घडत असावी, कारण तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. परीक्षकांना जेवायला नेण्यात आलं. आम्हाला गुण बरे मिळाले. सरांनी पुढच्या वर्षी एका परिषदेत निबंध वाचला. त्यात लिहिलं होतं, की प्रस्तुत लेखकानं प्रयोगासाठी कॅमेरे मुद्दाम भिन्न दिशांना वळवले. म्हणजे गुलाबी फेटेवाले मामा संशोधनपद्धती झाले, फक्त त्यांना कळवलं गेलं नाही. शेवटी आभारात "विद्यार्थिनी" असा आमचा उल्लेख होता. जोडीदारणीनं तो वाचून एवढंच म्हटलं, "पहिला थर गेला, दुसरा गाळला." पुढे ती बंगलोरला गेली आणि आयुष्यभर तेच काम करत राहिली, पगार घेऊन.

पाऊस लागल्यावर ताई आखाडीला, म्हणजे आषाढातल्या सणाला, माहेरी आली. तिला न्यायला जावई आले. लग्नाचा तो भाग ताईनं तोवर पाहिलाच नव्हता. डोकं दुखतं म्हणून सगळ्यांनी तिला भीती घातली होती. मी म्हटलं, "डावा डोळा मिट, मग बघ."

तिनं मिटला. निळ्या कागदातून तिला अंतरपाटाच्या पलीकडची बाजू दिसली. नवरदेव एकटे उभे, मुंडावळ्या तोंडात जाताहेत, आणि ते टाचा उंचावून कापडावरून पाहायचा प्रयत्न करताहेत. मामा खांदा धरून त्यांना खाली ओढतात. ते परत टाचा उंचावतात.

"हे काय पाहून राह्यले होते तुम्ही?" ताईनं विचारलं.

"तुले," जावई म्हणाले, आणि लाजले. मग त्यांनी चष्मा घालून आपला उजवा डोळा मिटला. त्याच क्षणाची ताई त्यांना दिसली. ते जरा पुढे वाकले.

"आन् तू काय खाऊन राह्यली होती?"

"शेंगदाण्याचा लाडू. सकाळपासून उपाशी होती मी."

जावयांनी रिमोट मागून घेतला आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. मोठी आई, म्हणजे ताईची आई, चहा घेऊन आली, तेव्हा दोघंही शेजारी-शेजारी एकेक डोळा घट्ट मिटून बसले होते. तिनं कप खाली ठेवले, दोघांना निरखून पाहिलं आणि काळजीनं मला विचारलं, "या दोघायचे डोळे आले काय वं?"